नांगरावर झोपायची भीती आणि तेरा रात्रींचे मुक्काम

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मी कशाला धरून बोलतोय ते कळेल. येत्या फेब्रुवारीत तुम्ही सहा जण आहात: नवरा-बायको, बारा आणि नऊ वर्षांची मुलं, सत्तरीतले आईबाबा. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट लुसिया बेटावर 42 फुटी शिडाची बोट भाड्याने घेणार आणि तेरा रात्रींनी ग्रेनाडात परत देणार. क्रोएशियात दोनदा अशी सुट्टी केलीत. तिथे रोज संध्याकाळी बोट धक्क्याला बांधायची आणि पायउतार होऊन जेवायला जायचं, असा शिरस्ता होता. म्हणून इथेही रोज रात्री मरीना, म्हणजे बोटी बांधायचा धक्का, मिळेल असा मार्ग हवाय. नांगरावर आईंना झोप लागणार नाही, आणि तुमच्या लिहिण्यावरून तुम्हालाही लागणार नाही असं दिसतं.

असा मार्ग नाही. सेंट लुसियातली रॉडनी बे आणि मॅरिगो सोडलीत की थेट ग्रेनाडातलं सेंट जॉर्जेस येईपर्यंत तुमच्या कामाची मरीना जवळपास नाहीच. मधे सेंट व्हिन्सेंटच्या दक्षिण टोकाला ब्लू लगून आहे. तिची वाट खडपातून जाते आणि पाणी इतकं उथळ की भाड्याच्या कितीतरी बोटींनी तिथे कणा घासून घेतलाय. कॅनुआन बेटावर एक मरीना आहे, पण ती बांधलीय शंभर-दीडशे फुटी श्रीमंती जहाजांसाठी. अडीअडचणीला नाव लक्षात ठेवा, एवढंच. म्हणजे तेरापैकी चार रात्री मरीनात आणि नऊ रात्री नांगरावर किंवा बोयाला, म्हणजे तळाशी बांधलेल्या तरंगत्या गोळ्याला. मी या बेटांत अकरा हंगाम कप्तानी केली. सगळीकडे मरीना असत्या तरी तुम्हाला हाच हिशेब सांगितला असता.

कारण सांगतो. मी उरणचा, बोट शिकलो मुंबई बंदरात. तिथे उधाणाला पाण्याची पातळी चार-साडेचार मीटर वर-खाली होते, ओढ दिवसातून चार वेळा उलटते, पावसाळ्यात वारा कुठूनही येतो. अशा ठिकाणी नांगरावर झोपायला धाक वाटतो, आणि तो रास्तच आहे. विंडवर्ड बेटांत, म्हणजे तुम्ही जाताय त्या रांगेत, भरती-ओहोटीचा फरक अर्ध्या मीटरच्या आत असतो. वारा वर्षातला बहुतेक काळ पूर्वेचा, थोडा ईशान्य नाहीतर आग्नेयेकडे कललेला. फेब्रुवारीत तो 18 ते 25 नॉट, म्हणजे तासाला तितके सागरी मैल, असतो. डिसेंबरपासून जोर धरतो म्हणून तिकडे त्याला नाताळचे वारे म्हणतात. बेटं साधारण उत्तर-दक्षिण रांगेत उभी आहेत. त्यामुळे प्रत्येक बेटाच्या पश्चिम अंगाला आडोसा आणि बेटामागे मोकळा समुद्र.

आता माझी एकच कसोटी ऐका. मुक्कामाची जागा निवडताना मी स्वतःला विचारतो: रात्री दोन वाजता जे बांधलंय ते तुटलं, तर बोट कुठे जाईल? पश्चिमेला तोंड असलेल्या खाडीत उत्तर असतं, ‘बाहेर, मोकळ्या पाण्यात’. वारा तुम्हाला किनाऱ्यापासून दूर नेतो आणि इंजिन सुरू करायला अर्धा तास हाताशी असतो. भरलेल्या मरीनात उत्तर असतं, ‘शेजाऱ्याच्या बोटीवर’. आणि पूर्वेला उघड्या बंदरात उत्तर असतं, ‘खडकावर’. सगळी बंदरं या तीन खणांत टाकून बघा, निम्मी निवड झालीच.

ही कसोटी मी पुस्तकात वाचलेली नाही. सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनाडा यांच्यामधल्या ग्रेनाडाइन्स बेटांतल्या एका खाडीत, नाव मुद्दाम घेत नाही, संध्याकाळी पोचलो. सहा पाहुणे दमलेले, एक पोरगा होडी घेऊन आला, ‘कॅप्टन, चांगला बोया आहे, साठ डॉलर’ म्हणाला आणि त्याने दोर हातात दिला. साठ म्हणजे तिथले, पूर्व कॅरिबियन डॉलर. माझा नियम असा की पाण्यात उडी मारून बोयाखालचा दोर बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. त्या दिवशी कंटाळा केला. रात्री जाग आली ती आवाजाने नाही, आवाज थांबल्याने. बोटीच्या बुडाशी लाटांची जी चपचप सुरू होती, ती बंद झाली होती, कारण बोट पाण्याबरोबर चालली होती. वर आलो तर गावातले दिवे लहान झालेले. बोया आमच्या नाकाशी तसाच बांधलेला, त्याच्याखाली हातभर दोर लोंबतोय, टोक झाडूसारखं पिंजारलेलं. खाडी पश्चिमेला उघडी होती म्हणून मी शांतपणे इंजिन लावलं, परत गेलो आणि नांगर टाकला. पाहुणे सकाळी उठले तेव्हा एकाने विचारलं, काल आपण त्या पिवळ्या घरासमोर होतो ना?

तर बोयाला बांधायचं असेल तेव्हा मुलांना कामाला लावा. मास्क लावून खाली बघायचं: बोयापासून तळापर्यंत दोर आहे की साखळी, कुठे झिजलंय, तळाशी काँक्रीटचा ठोकळा आहे की रुतवलेला स्क्रू, की नुसतं जुनं इंजिन. हसू नका, जुनी इंजिनं पाहिलीत मी. बारा वर्षांच्या मुलाला हे काम फार आवडतं. शिवाय बोयाच्या कडीतून आपले स्वतःचे दोन दोर ओवायचे, डाव्या अंगाचा परत डाव्या अंगाला, उजव्याचा उजव्याला.

नांगर टाकण्याची रीत तुम्हाला ठाऊक आहे, पण क्रोएशियात खोल पाण्यात टाकायची सवय लागते. इथे चार-पाच मीटर पाणी आणि खाली पांढरी वाळू अशी जागा शोधा. वरून पाहिलं तर फिकट फिरोजी दिसते ती वाळू. गडद हिरवट डाग म्हणजे गवत, त्यात नांगर रुतल्यासारखा वाटतो आणि मध्यरात्री मुठीएवढा झुपका उपटून निघतो. तपकिरी डाग म्हणजे प्रवाळ, त्याला शिवायचंसुद्धा नाही. पाण्याची खोली अधिक बोटीच्या नाकाची उंची, त्याच्या पाचपट साखळी सोडा, वारा पंचवीसच्या वर असेल तर सातपट. सगळी साखळी ताणली गेली की इंजिन हळूहळू उलटं दाबा, हजारापासून दोन हजार फेऱ्यांपर्यंत, आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून बघा. रेष हलली नाही की इंजिन बंद. मग पोहत जाऊन नांगर डोळ्यांनी बघायचा. पातं वाळूत गाडलेलं, फक्त दांड्याचं टोक वर आणि साखळी सरळ पुढे पडलेली: हे एकदा आईंना मास्कमधून दाखवा. पोहता येत नसेल तर पाण्याखालच्या कॅमेऱ्याने दाखवा. मी हे कितीदा केलंय. नांगर म्हणजे बोटीच्या तोंडाला लटकणारी वस्तू असं ज्यांना वाटतं, ते तो पाहिल्यावर झोपतात.

आणखी एक गोष्ट मरीनाच्या जाहिरातीत कुणी लिहीत नाही. नांगरावरची बोट स्वतःहून वाऱ्याकडे तोंड करते. पुढच्या खोलीची झडप उघडी ठेवली की रात्रभर वारा आत येतो, पंखासुद्धा लागत नाही. धक्क्याला बांधलेली बोट जिकडे बांधली तिकडेच तोंड करून उभी. वारा आडवा, आत उकाडा, तिवरांकडून डास, आणि शेजारी कुणाचा तरी जनरेटर. आईबाबांना मरीनात चांगली झोप लागेल हा तुमचा अंदाज मला पटत नाही. चढउताराचा त्रास मात्र खरा आहे. धक्क्यावरून बोटीवर पाऊल टाकणं सोपं. नांगरावर असताना आधी डिंगीत, म्हणजे बोटीबरोबरच्या छोट्या होडीत, उतरायचं, मग हलत्या डिंगीतून जेटीवर चढायचं, आणि काही जेट्यांना लाट अशी आपटते की तरण्या माणसाचाही तोल जातो. म्हणून बंदर निवडताना जेटी कशी आहे हे माझ्या यादीत खोलीच्या खालोखाल असतं.

आता मुक्काम.

पहिल्या दोन रात्री रॉडनी बे मरीना. सत्तरच्या दशकात दलदल उपसून केलेल्या आतल्या तळ्यात ही मरीना आहे, बाहेरच्या लाटा आत पोचत नाहीत. अटलांटिक पार करणाऱ्या बोटींची एआरसी ही यात्रा 1990 पासून इथेच संपते, त्यामुळे शीड शिवणारा, इंजिनवाला, दोरवाला सगळे हाकेच्या अंतरावर. विमानातून उतरलेल्या माणसांना दोन दिवस लागतातच. पाणी, डिझेल, गॅस भरून घ्या. सामान आणताना खोके आणि पुठ्ठे धक्क्यावरच टाकून द्या, पुठ्ठ्याच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात आणि एकदा बोटीत झुरळ शिरलं की ते तुमच्याबरोबर ग्रेनाडाला येतं. प्रेशर कुकर घरून आणा. डुलणाऱ्या बोटीवर झाकण पक्कं बसणारं दुसरं भांडं नाही, एका कुकरात सहा जणांची खिचडी होते.

सकाळी सात-साडेसातला मरीनात शिरणं आणि निघणं सोपं, कारण वारा तेव्हा मंद असतो. दुपारी पंचवीस नॉटच्या आडव्या वाऱ्यात अरुंद जागेत शिरायची हौस करू नका. व्हीएचएफवर, म्हणजे बोटीवरच्या रेडिओवर, आधी बोला, धक्क्यावर दोर धरायला माणूस मागा आणि झोत ओसरेपर्यंत बाहेर गोल फिरत राहा. कुणी हसत नाही.

खाडीला लागून ग्रोस इस्ले गाव आणि जवळच डॅरेन सॅमी मैदान. 24 जून 2024 ला रोहितने ऑस्ट्रेलियाविरुद्ध 41 चेंडूंत 92 केल्या त्या इथेच. मुलांना घेऊन जा. बाबाही येतील.

इथेच एक सूचना. वाट दाखवणाऱ्या रंगीत बोयांची तिकडची पद्धत आपल्या उलटी आहे. भारतात आणि युरोपात बंदरात शिरताना लाल बोया डावीकडे ठेवतो. अमेरिका खंडांत, म्हणजे कॅरिबियनमध्येही, लाल उजवीकडे. मी कित्येक वर्षं मुंबईत काढून गेलेलो, पहिल्या हंगामात एका अरुंद वाटेवर हात सुकाणू चुकीच्या बाजूला वळवायला लागला होता. बायको नकाशा घेऊन शेजारी नसती तर आज हे लिहिताना इतका ज्ञानी वाटलो नसतो. सुकाणूजवळ कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा.

तिसरी रात्र ही तुमची परीक्षा, आणि मी ती मुद्दाम सोपी ठेवलीय. मरीनातून बाहेर पडून त्याच रॉडनी बेमध्ये, उत्तरेला पिजन आयलंडच्या पोटाशी नांगर टाका. तळ वाळूचा, तोंड पश्चिमेला, मरीना वीस मिनिटांवर. अठराव्या शतकात ब्रिटिश ॲडमिरल रॉडनीने या टेकडीवर किल्ला बांधला, कारण वरून मार्टिनिकमधलं फ्रेंच आरमार दिसायचं आणि खाली स्वतःची जहाजं आडोशाला राहायची. जागा निवडण्याची बुद्धी तीच, फक्त आपल्याला फ्रेंचांची भीती नाही. त्या रात्री कुणी झोपलं नाही तर सकाळी परत मरीनात जा आणि मला शिव्या घाला.

चौथी मॅरिगो. डोंगरांच्या कुशीत वळलेली, बाहेरून दिसतच नाही अशी खाडी. ब्रिटिशांनी डोलकाठ्यांना माडाच्या झावळ्या बांधून इथे आरमार लपवलं अशी दंतकथा आहे. पाणी तेलासारखं स्थिर. बोयासाठी मरीनाच्या माणसांशी व्हीएचएफवर बोला. तोंडाशीच एखादी होडी येऊन ‘हा बोया माझा’ म्हणेल, त्याला हसून नाही म्हणा.

या होडीवाल्यांबद्दल दोन शब्द, कारण पहिल्यांदा जाणारे त्यांना एकतर घाबरतात नाहीतर उद्धटपणे झटकतात. तिथे बोलण्याची सुरुवात ‘गुड मॉर्निंग’, ‘गुड आफ्टरनून’ने होते. तेवढं न म्हणता थेट भाव विचारलात तर तुम्ही असभ्य ठरलात, मग भाव वाढला तर तक्रार करू नका. फळं विकणारा, दोर धरणारा, कचरा नेतो म्हणणारा, कुणाशी काय ठरलं ते आधी ठरवा आणि ठरलेलं द्या. कचरा मात्र देऊ नका, तो बऱ्याचदा पुढच्या झुडपात जातो. सुटे पैसे ठेवा. पूर्व कॅरिबियन डॉलर 1976 पासून एका अमेरिकी डॉलरला 2.70 या दरावर बांधलेला आहे. अमेरिकी नोट दिलीत की बहुतेक वेळा 2.50 चाच हिशेब होतो, तेव्हा तिथलंच चलन काढून घ्या.

पाचवी सूफ्रिएर, दोन्ही पिटाँ सुळक्यांच्या पायथ्याशी. तळ किनाऱ्यापासून एकदम खाली जातो. शिवाय प्रवाळ राखीव आहे, म्हणून नांगर टाकायला मनाई. बोया घ्यायचा आणि राखीव क्षेत्राचे रखवालदार येतात त्यांना पैसे देऊन पावती घ्यायची. इथे माझी कसोटी थोडी लंगडी पडते हे कबूल करतो. उंच डोंगराच्या आडोशाला रात्री पूर्वेचा वारा पोचत नाही, कधी वरून दणकन खाली कोसळतो, कधी उलटा फिरतो आणि बोटीची पिछाडी थेट पुळणीकडे होते. मागे जागा किती आहे ते दिवसाउजेडी बघून मगच बोया निवडा. उत्तर अटलांटिकमधल्या हिवाळी वादळांचा स्वेल, म्हणजे लांबून येणाऱ्या रुंद लाटा, आला असेल तर इथे रात्रभर पाळणा हलतो. अंदाजात उत्तरेचा स्वेल दोन मीटरच्या वर दिसला तर मॅरिगोमध्येच आणखी एक रात्र काढा.

सहाव्या दिवशी लांबचा पल्ला, ग्रेनाडाइन्समधल्या बेक्वे बेटापर्यंत पन्नासेक सागरी मैल. पहाटे साडेपाचला निघा. सेंट व्हिन्सेंटच्या उत्तर टोकाला, 2021 मध्ये पेटलेल्या सूफ्रिएर ज्वालामुखीखाली (नाव कालच्या मुक्कामाचंच, जागा वेगळी), वारा कोपऱ्यातून पिळून येतो आणि पाच-सात नॉट वाढतो, तेव्हा शीड आधीच लहान करून ठेवा. मळमळीची गोळी आदल्या रात्री द्यायची, उलटी सुरू झाल्यावर नाही. आईंना आलेपाक. सेंट व्हिन्सेंटच्या पश्चिम किनाऱ्यावर सुंदर खाड्या आहेत, पण 2016 मध्ये वालिलाबूत एका नौकेवर सशस्त्र हल्ला होऊन माणूस दगावला, त्यानंतर लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असताना मी तिथे रात्र काढत नाही. देशात शिरण्याच्या परवान्याचं काम बेक्वेतही होतं.

बेक्वेची ॲडमिरल्टी बे ही माझी आवडती जागा, इथे तीन रात्री. पश्चिमेला उघडी, मोठी, पन्नास-शंभर बोटी मावतात. गावासमोर तळ कडक आहे, नांगर घसरतो, आणि फेरीबोटीची वाट मोकळी सोडावी लागते. प्रिन्सेस मार्गारेट पुळणीसमोर वाळू उत्तम. पाणी आणि डिझेल देणारी होडी बोटीपर्यंत येते, धुणंसुद्धा नेते. आईबाबांना गावात उतरवायचं तर जेटीच्या आतल्या बाजूला उतरवा, तिथे लाट कमी. डिंगीला साखळी आणि कुलूप लावा, रात्री ती पाण्याबाहेर उचलून ठेवा. या बेटांत सगळ्यात जास्त चोरीला काय जात असेल तर डिंगी आणि तिचं इंजिन.

नववी आणि दहावी टोबॅगो कीज या चिमुकल्या बेटांत, आणि इथे तुम्ही म्हणाल याने आपलीच कसोटी मोडली. मोडली नाही, ताणली. नकाशावर पाहिलंत तर पूर्वेला जमीनच नाही, थेट आफ्रिकेपर्यंत अटलांटिक. वारा पंचवीस नॉट अंगावर येतो, दोर शिट्ट्या घालतात, आणि पाणी मात्र ताटात ठेवल्यासारखं, कारण हॉर्सशू रीफ नावाचं प्रवाळाचं कडं लाटा बाहेरच फोडतं. माणूस वाऱ्याला घाबरतो, बोट लाटेला. मुलं बाराडाल बेटाजवळ कासवांबरोबर पोहतील, बाबा प्टी बाटोच्या पुळणीवर शेवंड खातील. पण मागे बेटं आणि दुसऱ्या बोटी आहेत, तुटलं तर मोकळं पाणी नाही. म्हणून इथे बोया घेतला तरी तपासल्याशिवाय नाही, आणि नांगर टाकला तर सातपट साखळी. पश्चिमेकडून आत शिरायचं, सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असताना, म्हणजे साडेअकरा ते तीन. सकाळी आठला पूर्वेकडे तोंड करून आलात तर ऊन डोळ्यांत आणि पाण्याचा सगळा पृष्ठभाग नुसता चकाकता पत्रा, तपकिरी डाग दिसणारच नाही. दक्षिणेकडून बाहेर पडायची एक वाट आहे. ती तुमची नव्हे.

तिथून युनियन बेटावरच्या क्लिफ्टनला जाऊन सेंट व्हिन्सेंट देशाबाहेर जाण्याचा शिक्का घ्या, पण झोपू नका. बंदराचं तोंड पूर्वेला, पुढे खडप, मधोमध आणखी एक खडप, मागे गाव. नांगर घसरला की थेट जमीन. दोन तासांत काम उरकून पुढे व्हा. इथे आणि पुढे ग्रेनाडाच्या करिआकू बेटावर जुन्या माहितीवर विसंबू नका. 1 जुलै 2024 ला बेरील चक्रीवादळ करिआकूवरूनच गेलं. आपला विश्वविजेता संघ बार्बाडोसमध्ये अडकला होता ना, तेच वादळ. युनियनवरची 90 टक्के घरं मोडली किंवा खिळखिळी झाली असं त्यांच्या पंतप्रधानांनी सांगितलं होतं. करिआकूच्या टिरेल बेमागची तिवरं म्हणजे वादळात लपायची हुकमी जागा असं आम्ही सगळे सांगायचो. तिथे दोर बांधून ठेवलेल्या बोटी एकमेकींवर चढल्या. 2017 मध्ये इर्मा वादळाच्या वेळी ब्रिटिश व्हर्जिन बेटांतल्या टोर्टोलाच्या पॅराकीटा बेमध्ये हेच झालं होतं. फेब्रुवारीत तुम्हाला वादळाची चिंता नाही, त्यांचा हंगाम जून ते नोव्हेंबर. पण कुठली जेटी उभी आहे, कुठला बोया नवा बसवलाय, हे बोट देणाऱ्या कंपनीला त्याच आठवड्यात विचारा.

अकरावी रात्र टिरेल बे. पश्चिमेला उघडी, शांत, ग्रेनाडात शिरण्याचे कागद इथेच होतात. सेलक्लिअर या संकेतस्थळावर माहिती आधी भरून ठेवली की कचेरीत वेळ वाचतो. शनिवार-रविवार आणि ऑफिसच्या वेळेनंतर जास्तीचे पैसे लागतात. पासपोर्टचं म्हणाल तर सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनाडाला भारतीय पासपोर्टवर पर्यटकांना आधी व्हिसा लागत नाही. कुणी मार्टिनिक बघून घ्या म्हणून सुचवेल, तिथली मरीना मोठी आणि स्वस्त आहेच. पण ते बेट फ्रान्सचं असलं तरी शेंगेनमध्ये मोडत नाही, तुमच्या क्रोएशियाच्या व्हिसावर तिथे शिरता येणार नाही.

बाराव्या दिवशी ग्रेनाडाकडे, तीसेक मैल. वाटेत किक एम जेनी हा पाण्याखालचा जिवंत ज्वालामुखी. त्याच्याभोवती एरवी दीड किलोमीटर आणि तो जागा झाला की पाच किलोमीटर जायला बंदी असते. निघण्यापूर्वी कुठली पातळी लागू आहे ते बघा. शेवटच्या दोन रात्री सेंट जॉर्जेसच्या तळ्यातली पोर्ट लुई मरीना. इथे मरीना हवीच: बोट परत द्यायची, सामान उतरवायचं, आईबाबांना टॅक्सीने जायफळाच्या बागा दाखवायच्या. ग्रेनाडात 1857 पासून भारतीय मजूर आले, त्यामुळे रोटीची गाडी मिळेल. रोटी म्हणजे करी गुंडाळलेली मोठी घडी, हाडाची की बिनहाडाची ते आधी विचारा, कोंबडीच्या रोटीत हाडं असतात आणि बाबांचे दात सत्तरीचे आहेत.

दक्षिण ग्रेनाडातल्या प्रिकली बे, होग आयलंड वगैरे खाड्यांची नावं तुम्ही वाचली असतील. उन्हाळाभर बोटींचं गावच वसतं तिथे, सकाळी व्हीएचएफवर भाजीच्या टेम्पोपासून योगवर्गापर्यंत सगळ्या घोषणा होतात. पण आत शिरायच्या वाटा खडपातून आहेत आणि दोन रात्रींसाठी तो उपद्व्याप नको.

तिसऱ्या रात्रीबद्दल एक राहिलं. पिजन आयलंडपाशी अंधार पडायच्या आत डेकवर बसून किनाऱ्यावरचे दोन दिवे निवडा, एक जवळचा, एक लांबचा, आणि कोणता कोणाच्या डावीकडे दिसतो ते वहीत लिहा. फोनवर नांगराचा अलार्म लावाच, पण वही सुकाणूजवळ ठेवा. रात्री एक-दोनच्या सुमारास सर येते, पाच मिनिटांची. झडपा लावायला कुणीतरी उठतंच. ज्याला जाग येईल त्याने वर जाऊन ते दोन दिवे बघायचे. माझ्या बोटीवर हे काम बहुतेक वेळा पाहुण्यांतल्या आजीच करायच्या, पहिल्या रात्री धास्तीने आणि चौथ्या रात्रीपासून हौसेने.